सभेला आलेली पोरं

विक्रोळी

ती. बाबा,

तुमच्या श्रुतिकाचा नमस्कार. मी बरी आहे, डबा वेळेवर खाते. फोन केला की आई स्पीकरवर ठेवते, म्हणून हे लिहून कळवतेय.

सुशांत आता गावकीच्या बैठकीत बसायचं म्हणतोय, त्याला बहीण म्हणून हुरूप दे, असं तुम्ही म्हणालात. काय हुरूप देऊ? आमच्या चाळीसमोरच्या मैदानात पार्किंग करायचं म्हणून इथे सभा होती. मी दारोदार फिरून पोरं-पोरी गोळा केल्या. म्हटलं, एकदा येऊन बोला तरी. सगळे आले, मलाच खरं वाटेना.

आल्या आल्या कमिटीच्या काकांनी त्यांना खुर्च्या लावायला सांगितलं, मग चहा वाटायला. शेजारची प्रांजल मैदानाबद्दल बोलायला उठली, तर म्हणाले, "बस खाली, मोठी माणसं बोलतायत ना!" पार्किंगचा ठराव झाला. वर 'युवाशक्ती'चे आभार मानून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सभेआधी मी पुन्हा दारं ठोठावली. "खुर्च्या लावायला का गं?" एवढंच विचारलं सगळ्यांनी.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

बाबा, राग मानू नका, पण गावकीत तुम्हीही सुशांतला पानाचं तबकच फिरवायला लावता. या खेपेला तो उठला, तर त्याला बोलू द्या. इथे मैदानात गाड्या लागल्यात आणि सभेत आता कोणी उठत नाही.

मीसुद्धा.

तुमची,
श्रुतिका