चेंडू वर जाताना की खाली येताना

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (चार दिवस कॅमेऱ्यामागे वाकून मान अवघडली आहे, त्यामुळे आठातली सात अंगंच पोचतील. आठवं मागाहून पाठवतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या शिंका थांबल्या का? आई म्हणते, मला तुमची आठवण फक्त अडचणीत येते. साफ खोटं आहे. गेल्या आठवड्यात काही अडचण नव्हती तेव्हाही मी तुमची आठवण काढली होती. अडचण त्यानंतर अर्ध्या तासाने आली.

झालं असं, की औषधांच्या दुकानात काउंटरवर असते ती (मागच्या तीन पत्रांत लिहिलं तीच; दुसरी कुणी नाही, मी तसला नाही) टेबल टेनिस खेळते. शहराच्या संघात तिची निवड व्हायची आहे. पण पंचांचं म्हणणं, तिची सर्व्हिस नियमात बसत नाही. चेंडू वर उडवायचा आणि तो खाली येताना बॅटने मारायचा, असा नियम आहे. ही म्हणे वर जातानाच मारते. तिने हे मान्य केलं नाही. आणि तिने मान्य केलं नाही म्हणून मी खुर्चीवर उभा राहिलो आणि भर हॉलमध्ये पंचांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. (कॉलेजही असंच सुटलं. सर ‘बसा’ म्हणाले, मी उभ्याउभ्या घरी आलो.) पंच शांत माणूस. म्हणाले, शुक्रवारपर्यंत नीट व्हिडिओ आणा. चेंडू खाली येताना दिसला तर शब्द मागे घेतो, नाहीतर यंदा संघात नाव नाही. ती काही बोलायच्या आत मी ‘आणतो’ म्हणून बसलो. तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पूर्ण मान वळवून पाहिलं.

“तुला येतं?”

“माझे मामा व्हिडिओवाले आहेत.” (हे उत्तर नव्हतं, हे मला आता कळतंय.)

मामा, मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढणारा माणूस. गिऱ्हाईक हललं तर मी खेकसतो. इथे सगळं हलतंच. त्यात तुमच्याकडून आणलेला कॅमेरा मलाच विचारतो, सेकंदाला किती चित्रं घेऊ: चोवीस, तीस, साठ की एकशेवीस? शिंप्याने आपल्याला विचारावं, टाके किती घालू, तसं झालं. आमचे स्टुडिओमालक म्हणाले, डोळे मिटून चोवीस घे, सिनेमा चोवीसवरच असतो. सिनेमा म्हटल्यावर मी विरघळलो. काय सुंदर आली हो ती! फक्त चेंडूचा पत्ता नाही. एका चित्रात चेंडू हवेत, पुढच्या चित्रात तो बॅट सोडून निघालेला. मधलं, म्हणजे ज्यावरून एवढं भांडण तेच, गायब. ती म्हणाली, “माझा चेहरा कशाला एवढा मोठा घेतलास?” मी लेन्स पुसायला घेतली.

मग एकशेवीस. तर सगळं चित्र असं उजळायला आणि काळवंडायला लागलं, की जणू कुणी बटणाशी खेळतंय. मी तडक हॉलच्या वायरमनवर जाऊन ओरडलो, दिवे धड लावता येत नाहीत का? तो शिडीवरूनच म्हणाला, “दिवे नेहमीच लुकलुकतात, दादा. सेकंदाला शंभर वेळा. डोळ्यांना कळत नाही, तुमच्या यंत्राला कळतं. शंभराशी जुळणारा आकडा घ्या.” यादीत शंभर नव्हताच. मी रागाने मेनूत काहीतरी दाबलं, तर चारही आकडे नाहीसे झाले आणि तिथे पंचवीस, पन्नास, शंभर येऊन बसले! कुठून आले, आधीचे कुठे गेले, मला विचारू नका. शंभर घेतला. चित्र स्वच्छ आलं, चेंडूवरची अक्षरंसुद्धा वाचता येतील इतकं.

आणि मामा, चित्रं हळू करून पाहिली. नऊ सर्व्हिस. नऊच्या नऊ वेळा चेंडू वर जात असतानाच बॅट लागते.

आता माझ्याकडे दोन व्हिडिओ. चोवीसमध्ये काहीच सिद्ध होत नाही. पंचांना शंकेचा फायदा द्यायला लावता आला असता. शंभरमध्ये ती सरळ चुकीची ठरते. गुरुवारभर डोकं इतकं भणभणत होतं की तीन गिऱ्हाइकांचे फोटो मिटल्या डोळ्यांचे निघाले. चोवीस द्यावा, तर पुढच्या सामन्यात दुसरा कुणी पंच तिला चारचौघांत पकडणार. शंभर द्यावा, तर ती माझं तोंड बघणार नाही. शेवटी आज सकाळी शंभरच्या व्हिडिओचं मेमरी कार्ड पंचांना न देता तिच्याच काउंटरवर ठेवलं, “आधी तू बघ, मग काय ते ठरव” म्हणालो आणि मागे न बघता पळालो. (पुढेही बघितलं नाही. बाहेर लावलेल्या सायकलींवर आदळलो.) बरोबर केलं ना?

आपला, काहीच न कळलेला
भाचा

ता. क. – खरं विचारायचं होतं ते राहिलंच. एकशेवीसचा व्हिडिओ मुका निघाला होता. त्या स्लो मोशनमध्ये आवाज येतच नाही म्हणे. मला वाटलं, शंभरचंही तेच. त्यामुळे नऊ सर्व्हिस होईपर्यंत मी कॅमेऱ्यामागे मनात येईल ते पुटपुटत होतो. तिच्या भुवईबद्दल. लग्नाबद्दल. मुलं किती, इथपर्यंत गेलो होतो. चित्रं हळू करून बघताना आवाज लागतच नाही, म्हणून मला कळलंही नाही. मामा, शंभरवर आवाज येतो का? पत्र नको, फोनच करा.

ता. क. दुसरा – फोन करू नका. आवाज येतो. ती आत्ताच स्टुडिओत येऊन कार्ड टाकून गेली. सोबत चिठ्ठी: “पंच बरोबर आहेत. त्यांना दाखवलं, आवाज बंद करून. सुधारायला महिनाभर दिलाय. रोज सहाला हॉलवर ये, शंभरवरच काढ. बोलायचं असेल ते सर्व्हिस झाल्यावर बोल.”

मामा, हे ‘हो’ आहे की ‘नाही’? तुम्हाला कळणार नाही. मामींना विचारून कळवा.