हा सुरुंग आपलाच

ती. साडूभाऊ यांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे ‘हा सुरुंग आपलाच’ या तीन शब्दांचा खर्च सोडला तर. विहीणबाईंचे अकरा काचेचे पेले, एक फुलदाणी आणि माझ्या दगडखाणीवर वीस वर्षं टिकलेला मुकादम. पेले दुकानात मिळाले.

झालं असं, की रविवारी लेकीच्या सासरी जेवायला गेलो होतो. त्यांचं घर खाणीला लागूनच, म्हणून त्या दिवशी सुरुंग उडणार नाही असा शब्द मी विहीणबाईंना दिला होता (त्यांच्या काचेच्या कपाटासमोर उभा राहून). पहिला घास तोंडात जातो न जातो तोच जमीन हादरली आणि कपाटानं पोटातलं सगळं बाहेर काढलं. कुणीतरी म्हणालं, भूकंप. मी हसलो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. हातोडा घेऊन खाणीत उतरलो तेव्हापासून सुरुंग किती खोल भरलाय, दगड ओला की कोरडा, हे मी पाठ फिरवून सांगत आलोय. म्हटलं, हा सुरुंग आपलाच. तिथूनच मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, “मालक, मी घरी जेवतोय.” म्हटलं, “मग आता रोज घरीच जेव.” माझा बाणेदारपणा विहीणबाईंना आवडला असावा, भरपाई त्यांनी लगेच मान्य केली.

जावईबापू भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रात नोकरीला. ते ताटावरून उठून गेले, ते संध्याकाळी आलेख घेऊनच आले. सासऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे जिवावर येतं. बिचारे बराच वेळ हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, “मामा, सुरुंग चहूकडे सारखाच ढकलतो. भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात, म्हणून पहिला धक्का कुठे ढकलतो, कुठे ओढतो. आणि मागून येणारी आडवी लाट जबरदस्त. हा भूकंपच.” मला पटकन समजलं. मी चिडलो की घरातल्या सगळ्यांना सारखंच झोडपतो. ही चिडली की एकाला ढकलते, दुसऱ्याला जवळ ओढते, आणि खरा हादरा मागून येतो. (तुमच्याकडेही त्याच घरातली आहे, तेव्हा अधिक सांगत नाही.)

असो. मजेत आहोत. गुडघा जपा.

तुमचा साडू

ता. क. मुकादम कुठे गेला ते इथे कुणी सांगत नाही. पण परवा फोनवर तुम्ही गुडघ्याचं रडगाणं गात होतात, तेव्हा तुमच्या मागे जो खोकला ऐकू आला तो त्याचाच. त्याला परत पाठवा. पगार वाढवतो, माफीही समोर मागतो, फक्त विहीणबाई नसताना.

आणखी ता. क. तो सांगेलच, म्हणून मीच सांगतो. सुरुंगाच्या दारूच्या कोठाराला एकच किल्ली आहे, आणि त्या दिवशी जेवताना ती माझ्या खिशात होती.