बाबांचे छत्तीस फोटो

रविवार, १८ जानेवारी. बेहाला.

आज बजबजला नदीच्या घाटावर जुन्या कॅमेऱ्याने बाबांचे छत्तीस फोटो काढले. परवा त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन. "हा चेहरा आहे तोवर काढून घे," असं तेच म्हणाले होते.

घरी येऊन पाहतो तर रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. एकही फोटो नाही.

रोल सरकला की डावीकडची चकती फिरते. आज ती फिरत नव्हती. मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. पण बाबा हसत होते, त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. ती चकती!

मघाशी त्यांना सांगून टाकलं.

"अरे, ॲडमिट उद्या दहाला व्हायचंय. सातला गच्चीवर ऊन येतं," म्हणाले, आणि घाटावर घातलेल्या त्याच सदऱ्याला स्वतः इस्त्री करत बसले.