न रोवलेला खांब

वरचं वळण,
१७ फेब्रुवारी १९७४

प्रिय येफिमदादा,

तुझं आणि लिदियावहिनीचं पत्र मिळालं. बाळाला दोन दात आल्याचं कळल्यापासून बाबा खुशीत आहेत. "दोन दात म्हणजे निम्मा पाईक मासा झाला," म्हणाले. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते.

आम्ही बरे आहोत. म्हणजे बाबांचा गुडघा सुजलेलाच आहे आणि डिसेंबरपासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. पण पीठ, मीठ, चहा पुरेसा आहे. मासाही आहे. मी सध्या मासा खात नाही. पोट जरा बरं नाही, काळजीचं काही नाही.

नदी यंदा लवकर मेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बादलीतलं पाणी पिवळट दिसलं, दहाव्या दिवशी चहासारखं झालं आणि त्याला गंजलेल्या कुऱ्हाडीचा वास यायला लागला. अक्षरं मला तू शिकवलीस, पण पाणी बाबांनी शिकवलं. आधी बारके काटेरी मासे बर्फातल्या भोकाशी येऊन हवेसाठी तोंडं उघडतात, मग याझ, सगळ्यात शेवटी पाईक. तळ्यातल्या करासला कशाचंच काही नाही, तो चिखलात शिरून झोपतो. ज्यांना वेळेवर कळलं ते शरदातच मोठ्या ओब नदीकडे उतरून गेले. जे मागे राहिले ते बर्फाखाली जितं पाणी शोधत फिरतात. जिथे तळातून झरा फुटतो तिथे एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि वसंतापर्यंत हलत नाहीत.

हे सगळं तुला माहीत आहे. लिहायचं दुसरंच आहे, ते पुढे ढकलतेय म्हणून हे लिहितेय.

उंच काठाखालचा आपला झरा यंदा आटला. मी तीन भोकं पाडली, तिन्हीतून लाल पाणी आलं. परत येताना खालच्या वळणावर, स्लेजच्या वाटेवरच, कुत्री थांबली. ओढली तरी पुढे येईना. बाजूला पाणमांजराच्या पायांचे ठसे होते. मी आडवी पडून, सरपटत जाऊन बर्फ ठोकला. चार बोटंसुद्धा जाड नव्हता. खाली माशांच्या पाठी सरपणासारख्या रचलेल्या. झऱ्याने जागा बदलली होती, दादा, आणि वर हातभर बर्फाचा भुगा साचल्यामुळे काहीच दिसत नव्हतं.

तिथे मी खांब रोवायला हवा होता. खांब आणि त्याला चिंधी, इथे बर्फ पातळ आहे म्हणून. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलालाही हे सांगावं लागत नाही.

मी रोवला नाही.

गेल्या हिवाळ्यात तू इथे नव्हतास. जुन्या झऱ्यावर आपला खांब होता, तो बघून मासेमारीची ब्रिगेड आली. त्यांचा म्होरक्या बाबांना म्हणाला, "आजोबा, आमचं काम सोपं केलंत. पुढच्या वर्षी एखादा झेंडाही लावा." तळापर्यंत जाळं सोडून त्यांनी एका दिवसात सगळं उपसलं. गाड्यांत मावले नाहीत ते मासे बर्फावरच टाकून गेले. बर्फ वितळल्यावर आम्ही महिनाभर रिकामी जाळी ओढली. तरी बाबा म्हणाले, "खांब रोवायचाच. तो माशांसाठी नसतो, माणसांसाठी असतो." मी समोर बसून मान डोलावली होती.

यंदा मनाशी म्हटलं, या वाटेने येणार कोण? तुम्ही एक मार्चला येणार, त्याच्या आधी रोवू. बाबांना सांगितलं की मासे जुन्या जागेवरूनच आणते. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. तेही सहज जमलं, याचीच मला भीती वाटते.

प्रोकोपीकाका दोन तारखेला स्लेजने येणार होते. ते जंगलातूनच येतील असं मी धरलं.

ते आले नाहीत. बाबा म्हणाले, "बसला असेल कुणाकडे तरी चहाला. तिसरा कप झाला की त्याला आपलं घर कुठलं ते आठवत नाही." पाच तारखेला काकांचं एक रेनडिअर एकटंच अंगणात आलं. पट्टा तुटलेला होता, पोटाखाली आणि पायांवर बर्फाचे गड्डे लोंबत होते. मी ते बाहेरच फोडून काढले आणि मग आत जाऊन सांगितलं की काकांचं जनावर भटकत आलंय. बाबा म्हणाले, "सैल बांधलं असणार. लहानपणापासून ढिला आहे तो." हसलेसुद्धा. त्यानंतर मात्र कुत्री भुंकली की ते बोलता बोलता थांबतात.

मी वळणावर जाऊन आले. वाटेच्या मधोमध एक काळसर जागा आहे, नव्याने गोठलेली, स्लेजच्या रुंदीची. पलीकडे माग नाही.

काकांना बर्फ कळत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. पण खांब नाही म्हणजे खाली मेलेलं पाणी आणि वर जाड बर्फ, हे आपण सगळे धरून चालतो. ते आपल्या भरवशावर आले. आपल्या नव्हे, माझ्या.

घरात दुसरं खायला नाही म्हणून बाबांसाठी मासे अजूनही तिथूनच आणते. बाबा विचारतात, "तू का खात नाहीस?" मी म्हणते, पोट. तुलाही वर तेच लिहिलं. ते खोडत नाही, तसंच राहू दे.

आता तुझ्यासाठी, नीट वाच. तुझी ती रणगाड्यासारख्या पट्ट्यांची जड गाडी नदीवर आणू नकोस. काल मी खांब रोवला, पण वादळात तो दिसेलच असं नाही, आणि पातळ जागा रोज रुंद होतेय. गालाक्त्योनच्या झोपडीशी गाडी सोडा आणि जंगलातून या. तो स्लेज घेऊन थांबेल. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. तो बाहेर रेनडिअर जुंपतोय आणि मला हाका मारतोय, "तैस्या, पत्र लिहितेस की जाळं विणतेस?" त्यालाही अजून काही सांगितलेलं नाही. पत्र वेळेत पोचलं नाही तर काय, हा विचार मी पुरता करू शकत नाही. म्हणून त्याला म्हणणार आहे की टपालात टाकू नकोस, दादाच्या ड्रिलिंगच्या तळावर जाऊन त्याच्याच हातात दे.

बाबा आतून विचारताहेत, "प्रोकोपीचं लिहिलंस का?" लिहिलं म्हटलं.

आपल्या घरातून जाणारं पत्र बाबांनी ऐकल्याशिवाय बंद होत नाही. मी कालपासून हे लिहितेय ते त्यांना वाचून दाखवावं लागणार हे धरूनच. समोर बसून नुसतं सांगायला मला जमलं नसतं. आता आत जाते. एकही ओळ गाळणार नाही.

तुझी बहीण,
तैस्या

वाचून झालं. खाली सहीऐवजी घराची खूण बाबांनी स्वतः काढली आहे. त्यांनी काठी आणि लांब दोर मागितला आणि आता गुडघा धरून बूट चढवताहेत. "तू पुढे चाल," म्हणाले, "प्रोकोपी आहे ती जागा तुला माहीत आहे." मी जाते.