चौथ्या चाकावरची सही

सोमवार, ६ मे
नवी नोकरी, आणि माझ्या टेबलाला खिडकी आहे. गाड्यांची चाकं दुरुस्त करून रंगवण्याचा कारखाना, तपासणी माझ्याकडे. म्हातारा रंगारी मला 'इंजिनीअरीणबाई' म्हणतो, मी त्याला काका म्हणते. फिट्टंफाट. पहिलंच काम छान आहे. दातांच्या एका डॉक्टरला त्याच्या स्पोर्ट्स कारसाठी बाजारातली चकचकीत चाकं नकोत, कंपनीचीच मूळ हवीत. गोदामातल्या ढिगातून रुंदी, बोल्टांचं अंतर आणि ओतकामाचा शिक्का जुळवून चार निवडली. पाचवं जुळणारं नाही. त्याला काळा रंग हवा होता. सोबतच्या छोट्या लेकीने चंदेरी म्हटलं, विषय संपला.

मंगळवार
जुना रंग उतरवून चारही उघडी केली. लाकडी हातोडीने वाजवली. तीन घंटेसारखी; चौथं तडकलेल्या मडक्यासारखं बद्द. भेगेत मुरून ती दाखवणारा लाल द्रव लावून पुसला, तर एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग. इथली पद्धत अशी, की दोषाभोवती खडूने गोल करायचा आणि शेजारी सही. ज्याची सही, त्यानेच पुसायची. मी केली. काकांनी ती पाहिली आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

बुधवार
चौथं चाक आज खणखणीत वाजलं. भेग नाही. सही आहे. भिंगाने दोनदा पाहिलं. मालक म्हणाले, नव्या डोळ्यांना भेगा जास्तच दिसतात. मी म्हणाले, माझ्या डोळ्यांना असलेल्याच दिसतात.
उजव्या मनगटावर लाल रेघ आहे. तो द्रव असेल. साबणाने जात नाही.

गुरुवार
रॉकेलनेही नाही. रेघ कोपराकडे सरकली आहे.
जेवणाच्या सुट्टीत काकांनी कॉलर खाली ओढून मानेवरचा पांढरा व्रण दाखवला. त्यांनीही त्याच चाकावर सही केली होती. भेग त्यांच्यात आली. घाबरून त्यांनी सही पुसली, चाक पास केलं; रेघ मिटली, भेग चाकात परत गेली. पुढे चाक कारखान्यात परत आलं. गाडी आली नाही. पोरी, पूस ती, म्हणाले. गाडीत कोण होतं, मी विचारलं. ते डबा बंद करून उठले.

शुक्रवार
मनगटाच्या हाडावर हातोडी वाजवून पाहिली. डावं टणक. उजवं बद्द.
मालक ओलं फडकं घेऊन आले. एवढीशी सही पुसायला काय हात झिजतात का, म्हणाले. डॉक्टर उद्या येतोय. त्याची लेक पुढे बसते की मागे, मी विचारलं. ते म्हणाले, आपण चाकं रंगवतो, माणसं नाही मोजत.
फडक्याने मी माझं टेबल पुसलं.

शनिवार, सकाळ
दार आतून लावलंय. चाक शिकंज्यात पक्कं, कटर हातात. पहिला आरा कापला. करंगळी बधिर — ठीक आहे.

आणखी दोन. उजव्या हातात पेन राहत नाही. डाव्याने लिहितेय. अक्षर वाकडं, निकाल तोच. नापास.

मालक दार बडवतायत. डॉक्टर आलाय. लेक बाहेरून विचारतेय, चंदेरी झालं का —

रेघ गळ्याशी. चाक वाजतंय. मी हात लावलेला नाही —

शेवटचा आरा. भेग माझ्याकडे, सही माझी. वाज हवं तेवढं. तुला ती भेग परत मिळणार नाह—