ताप नव्हता, माय

माय, या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुमच्या आई कशानं गेल्या. मी म्हटलं, तापानं. शेजारच्या खुर्चीवर हे बसले होते, त्यांनीही मान हलवली. तू गेलीस तेव्हा त्यांना तेवढंच कळवलं होतं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि माझं उत्तर मागं पडलं. इतक्या वर्षांत हे मी कितीजणांना सांगितलं असेल, पण त्या दिवशी सांगताना कान गरम झाले. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. बोलायला जागा नाही, म्हणून लिहिते.

माझं अंगावरचं गेल्या वर्षी पुढं-मागं व्हायला लागलं आणि मग थांबलं. थांबलं तर थांबलं, त्यात काय, असं मला वाटलं होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरंच सुरू झालं. मी चौथीच्या मुलींना अपूर्णांक शिकवत असते, फळ्याकडं तोंड असतं, आणि छातीतून एक झळ वर चढते. मानेशी येते, कानशिलं पेटतात, आणि क्षणात पोलक्याची सगळी पाठ भिजते. मागं पन्नास मुली बसलेल्या असतात. एक म्हणाली, "बाई, तुमास्नी लई घाम आलाय, खिडकी उघडू का?" खिडकी उघडीच होती. मी त्या पोरीवर अशी ओरडले की शेजारचा वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत नकाशे ठेवायच्या खोलीत जाऊन रडत बसले. रात्री झोप नाही, सकाळी चेहरा सुजलेला, आणि कुणी "कशी आहेस" म्हटलं तरी रडू येतं. शेचाळीस वर्षांची बाई, उमरग्यात निम्म्या घरांतल्या मुली माझ्या हाताखालून गेलेल्या, आणि मला माझ्याच अंगाची लाज वाटायला लागली. आपल्याला वास येत असेल, लोक बघत असतील, असं सारखं वाटायचं.

त्या खोलीत मला आपांनी गाठलं. आपा आमच्या शाळेत शिवण शिकवतात. निझामाच्या वेळी उर्दू शिकवायच्या, राज्य बदललं तशी उर्दूची मुलं कमी झाली आणि त्यांच्या हाती सुई आली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही, आपा."

"मग हे ते हाय. मला बी झालं होतं. भर थंडीत ओला टॉवेल मानेवर टाकून बसायची मी. आमचे मियाँ म्हणायचे, बेगम, आज चूल पेटवू नको, तुझ्या पाठीवर भाकरी भाजून निघेल."

मला हसू आलं आणि पुन्हा रडू आलं. म्हटलं, आपा, शरम वाटते. त्या म्हणाल्या, "घामाची कसली शरम? घाम हमालाला बी येतो. सोलापूरला एक डॉक्टरीण हाय, माझ्या भावजयीला गुण आला. बायकांचं बायकांसारखं बोलती. जा एकदा."

घरी मात्र आनंद होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता देवघर तुझं, घट तुझा. मी किती दिवस करू?" आमच्या घरात तुळजापूरच्या देवीचं फार कडक. महिन्याचे चार दिवस बाईनं मागच्या पडवीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही. शाळेत विटाळ नव्हता, घरात होता. शाळेतून आले की सरळ मागच्या दारानं पडवीत. आता ते संपलं. आता महिन्याचे सगळे दिवस सारखे: सकाळी देवघर, चूल, शाळा, पुन्हा चूल. आत्याबाईंना वाटत होतं मला मान मिळाला. आणि मी मनातल्या मनात पडवीसाठी झुरत होते. हे कुणाला सांगणार? ज्या चार दिवसांना बायका कंटाळतात, ते गेले म्हणून मला वाईट वाटत होतं.

तुला मात्र कळलं असतं. येडशीच्या आपल्या घरात मला पहिल्यांदा बाजूला बसवलं तो दिवस मला दिसतो. मी रडते आहे. गोठ्याच्या शेजारी घोंगडं अंथरलेलं आहे. तू लांबून येतेस आणि माझ्यापुढं एक पुस्तक टाकतेस, स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्याकडनं आणलेलं, कडेनं उंदरानं कुरतडलेलं. म्हणतेस, "रडतीस कशाला? चार दिस तुला कुणी काय सांगणार न्हाय. वाच." मी विचारते, पुस्तकाला चालतं का? तू म्हणतेस, "त्याला काय कळतंय?" आणि पदर खोचून निघून जातेस. त्या घोंगड्यावर मी वाचायला शिकले, नुसती अक्षरं नव्हे, वाचायला. पुढं सासरच्या पडवीत लिहायलाही लागले. जे काही चार शब्द मी आजवर लिहिले, ते महिन्याच्या त्याच दिवसांतले आहेत.

तर सोलापूर. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. यांनी सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, बाई "पाळी" म्हणाल्या की यांची मान आणखी वर जायची. बाईंनी सगळं नीट उलगडून सांगितलं. शरीरात एक रस तयार होतो, त्याला हार्मोन म्हणतात, तो आता आटत चालला आहे, म्हणून ही तगमग. तो बाहेरून देता येतो. एक, गोळ्या. तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा थांबायचं. दुसरं, महिन्याला इंजेक्शन, पण त्यासाठी दरवेळी सोलापूरला यावं लागेल, आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही. गोळी निदान थांबवता येते. तिसरं, काहीच करायचं नाही. झोपेचं साधं औषध घ्यायचं, अंगावर गार पाणी घ्यायचं आणि वाट बघायची. "दोन-चार वर्षांत आपोआप निवतं," त्या म्हणाल्या. "मोठ्या शहरांतून बायका गोळ्या घेतात. आराम पडतो. पण पुष्कळ वर्षं घेतल्यावर काय होतं ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही, हे आधीच सांगते. आणि हो, गोळ्या थांबवल्या की त्या आठवड्यात अंगावर जाईल. पाळीसारखंच. घाबरू नका."

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला छातीत, पिशवीत गाठ झाली होती? आई, मावशी? असेल तर मी गोळ्या देणार नाही." मी म्हटलं, नाही. "आई कशानं गेल्या?" मी म्हटलं, तापानं. तुला शब्द दिला होता ना.

गोळ्यांनी गुण आला. दुसऱ्या आठवड्यात मला झोप लागली. फळ्यापुढं उभं राहायची भीती गेली, त्या खिडकीवाल्या पोरीला मी जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. गोळ्या थांबवायचा आठवडा आला आणि बाईंनी सांगितलं तसंच झालं. आत्याबाई देवघराच्या दारात तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं, गेलेलं परत कसं आलं? ह्या वयात?" हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "औषधाचं आहे ते." "असलं कसलं औषध, बायकूला बाहेर बसवणारं?" मी पडवीत गेले. दोन महिने असे गेले. घरात आत्याबाई गुडघे धरत चुलीपुढं बसायच्या, आणि मी पलीकडं कागदावर वाकलेली असायची. भांडी वाजली की अंग चोरायची, पण उठायची नाही. एवढं सुख मला आयुष्यात कमी वेळा झालं असेल, आणि एवढी लाजही.

तिसऱ्या पाकिटाच्या वेळी न्हाताना छाती दुखली. दोन्हीकडं, हात लावला तरी दुखायची. पाण्याचा तांब्या हातात राहिला आणि मला तू दिसलीस.

नागपंचमीला मी माहेरी आले आहे. तू दिंडं करते आहेस, पुरण वाटायला पाट्यापुढं बसली आहेस, आणि वाटते आहेस एकाच हातानं. डावा हात अंगाशी धरलेला. मी मागून येऊन गळ्यात पडते, तशी तू झटकन सरकतेस. "दूर सर. अंगाला अंग लावू नको." इतकं तोडून तू मला कधी बोलली नव्हतीस. मी रागावून ओसरीवर जाऊन बसले. दोन दिवसांनी तुझं पोलकं धुवायला घेतलं तेव्हा त्यावरचा डाग पाहिला, हळदीचा आणि खालून दुसराच. तू दवाखान्यात जायला तयार नव्हतीस, तिथं पुरुष डॉक्टर. मग आबा एकटेच उस्मानाबादला गेले, डॉक्टरपुढं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तुझं दुखणं सांगितलं आणि बाटली घेऊन आले. तू जाईपर्यंत मी सासरी परतले नाही, तुझ्यापाशी राहिले. शेवटी शेवटी तू मला जवळ बोलावलंस. "उमरग्याला ताप म्हण. उद्या तुला पोरी होतील. आजीला असलं झालतं म्हणल्यावर त्यास्नी कोण करील?" मी म्हटलं, व्हय. आबांनीही तेच सांगितलं आणि गावानंही तेच धरलं.

मी आपांना सगळं सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "रविवारी जाऊ. तुझ्या मालकांना नको, मी येते." डॉक्टरीणबाईंपुढं बसल्यावर मी एका दमात बोलून टाकलं, माझी आई तापानं गेली नाही. त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला होती?" मी म्हटलं, डाव्या. हा शब्द मी पहिल्यांदा कुणापुढं उच्चारला. त्यांनी पडद्यामागं नेऊन तपासलं, सावकाश, काखेपर्यंत. मी वरच्या तुळईकडं बघत होते. "काही नाही," त्या म्हणाल्या. "दुखतंय ते गोळ्यांमुळं. आजपासून बंद. गोळ्यांनी गाठ होतेच असं मी म्हणत नाही, पण जिथं घरात झाली आहे तिथं मी ही जोखीम घ्यायला सांगणार नाही. महिन्यातून एकदा न्हाताना असा हात फिरवून बघायचा. मुलगी आहे ना? तिलाही शिकवा." मग हात पुसता पुसता विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, आईला शब्द दिला होता.

त्या रागावल्या नाहीत. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना बसमध्ये आपा म्हणाल्या, "माँच्या लफ्जाला इतकी वर्षं जपलंस. कोण जपतं?" आणि स्वतःच्या पिशवीतला पेरू चिरून निम्मा मला दिला. मी खाल्ला.

आता झळा परत आल्या आहेत. मी ओला पंचा मानेवर टाकते, झोपेचं औषध कधी घेते कधी नाही. आत्याबाई खुश आहेत, या नवरात्रात घट मी बसवला. यांना अजून सांगितलेलं नाही. लातूरला कॉलेजात असलेली तुझी नात दिवाळीला येईल, तिच्यासाठी तामलवाडीचं एक स्थळ चालून आलं आहे, तरी तिला मी हे सांगणार आहे. तिथं मी तुझा शब्द मोडणार, हे तुला कळवून ठेवते. ते लोक नाही म्हणाले तर म्हणोत.

पण आपांना आणि डॉक्टरीणबाईंना शब्दाचं जे सांगितलं ते खोटं आहे, माय. हे पत्र कुणाच्या हाती जायचं नाही म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा तुझा शब्द माझ्या ध्यानीमनीही नव्हता. बाईंनी गाठ म्हटलं आणि मला एवढंच कळलं, की खरं बोलले तर ही बाई गोळ्या देणार नाही, आणि पडवीतले ते दिवस परत येणार नाहीत. म्हणून मी नाही म्हटलं. तुला दिलेला शब्द मला नंतर आठवला, घरी येताना, नळदुर्ग मागं पडल्यावर. आठवला तेव्हा हायसं वाटलं. चला, म्हटलं, कारण सापडलं.