सरळ झालेला भोंगा

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तू एक काम सांगितलंस आणि मी गप्प बसलो, म्हणून रागावली असशील. रागव. पण उत्तराआधी तुला आमच्या भोंग्याची हकीकत ऐकावी लागेल, कारण त्याच्यापायी तुझ्या बापाने स्वतःच्या गळ्यात पट्टा बांधून घेतला.

भोंग्याला तू फोटोतच पाहिलंस. दिसायला बावळट, पण कुत्र्याला हे नाव उगाच पडत नाही. मी दुकानात आणि तुझी आई शिवणाच्या वर्गात गेली की तो एकटा पडायचा आणि भुंकत सुटायचा. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी लेखी कळवलं, महिन्याभरात तोंड बंद झालं नाही तर कुत्रा घराबाहेर. तुझी आई म्हणाली, कुत्रा गेला तर तुम्हीही जा.

म्हणून कुत्री शिकवणारे एक मास्तर आणले. पायात जाड बूट, बोलणं हुकमी. त्यांचं म्हणणं, घरात मालक कोण हे कुत्र्याला कळत नाही. आपल्या घरात ते मलाही नक्की कळलेलं नाही, पण मी मान डोलावली. नियम पहिला, दारातून आधी माणसांनी जायचं. पहिल्याच दिवशी मी आणि तुझी आई घाईने एकदम घुसलो आणि चौकटीत अडकलो. भोंगा मागे अदबीने उभा. नियम दुसरा, बाहेर गेल्याचं सोंग करून दाराआड थांबायचं आणि भुंकला की आत येऊन मानगूट धरून जमिनीवर पाडायचं. त्यात माझ्या कमरेत उसण भरली. तेव्हा मास्तरांनी विजेच्या झटक्याचा पट्टा काढला. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात, रिमोट आपल्या हातात. भुंकला की बटण दाबायचं. नुसती गुदगुली होते, म्हणाले.

इथे मी चुकलो. चाळीस वर्षं मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त करतोय, पण स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. हा पट्टा मात्र तसाच बांधला. हे गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणारं नव्हतं ना.

आठवड्यात भोंगा चिडीचूप. वकील स्वतः खाली येऊन अभिनंदन करून गेले. मीही दुकानात येईल त्याला सांगत सुटलो की बघा, कसा सरळ केला. पण संध्याकाळी मी घरी आलो की तो दारात येईना. टीव्हीचा रिमोट उचलला की कॉटखाली जाऊन थरथरायचा. एकदा मी नुसती चष्म्याची डबी उचलली, तर त्याने बसल्या जागी मुतलं. तुझ्या आईने फरशी पुसली आणि त्याला माझ्यापासून लांब, आतल्या खोलीत घेऊन गेली. ते मला फार लागलं.

तेव्हा कुठे मी तो पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात बांधला. रिमोट टेबलावर ठेवून आरशासमोर बक्कल लावत होतो, तोच तुझी आई मालिका बघायला आली. तिला टीव्हीचा आवाज वाढवायचा होता. हाताला आला तो रिमोट तिने उचलला. आवाज वाढला, पण माझा. टीव्ही दाद देईना म्हणून ती बटण दाबतच राहिली, आणि माझं ओरडणं तिला नेहमीचंच वाटलं. तिसऱ्या झटक्याला मी खुर्ची घेऊन आडवा झालो, तेव्हा तिने वळून पाहिलं. ती अजून हसते आहे. तूही हस. पण ठमे, ती गुदगुली नव्हती. जीभ चावली गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा झटका कधी बसेल हे कळत नव्हतं. भोंग्याने आठवडाभर हेच सोसलं होतं, आणि बटण माझ्या हातात होतं.

मास्तरांना म्हटलं, आधी तुम्ही घालून दाखवा. त्यांचा मानेचा त्रास अचानक उपटला, ते पुन्हा फिरकले नाहीत. आता भोंगा माझ्याबरोबर दुकानात येतो. सोबत असली की तो भुंकतच नाही, इतकं साधं होतं सगळं. वकिलांची तक्रार मिटली. पण अकरा दिवस झाले, तो अजून माझ्या हातून खात नाही. वाटी ठेवून मी लांब गेलो की मग खातो.

आता तुझं काम. तुझी पोरगी उलट बोलते, ऐकत नाही, म्हणून तिला त्या कडक शिस्तीच्या निवासी शाळेत घालायचं आणि तिथले मुख्याध्यापक ओळखीचे आहेत तर मी शब्द टाकायचा. वर तू लिहिलंस, बाबा, तुम्ही मला एकदा दिवसभर अडगळीच्या खोलीत कोंडलंत आणि मी सरळ झाले, माझं काय बिघडलं? तुझं काही बिघडलं नाही, पोरी. पण त्याआधी तू रोज शाळेतून थेट दुकानात यायचीस, मला स्क्रू काढून द्यायचीस आणि अखंड बडबडायचीस. त्या दिवसानंतर एकदाही आली नाहीस. मी समजलो, मुलगी मोठी झाली, शहाणी झाली. मी मुख्याध्यापकांना शब्द टाकणार नाही. सुट्टीत नातीला इकडे पाठव, उलट बोलू दे तिला, मी ऐकीन. त्या संध्याकाळी मी खोलीचं दार उघडलं तेव्हा तू रडत नव्हतीस, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. मला माफ कर.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा